तंगूस की फ्लुरोकार्बन: तातेच्या जागी कोणती तार?

गळाच्या दुकानातलं साधं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि फ्लुरोकार्बनची दोरी शेजारी ठेवली, तर डोळ्यांना फरक कळत नाही. दोन्ही पारदर्शक, दोन्ही गुळगुळीत, दोन्ही रिळांवर ०.४० मिमी छापलेलं. नाथसागरात गळ टाकून बसणाऱ्याचं यातल्या कशावरही भागेल. पण तेच ०.४० ल्यूट किंवा ऊद यांसारख्या जुन्या तंतुवाद्यावर चढवायचं असेल, तर एक वाद्याला मानवतं आणि दुसरं तारा बांधलेली घोडी (ब्रिज) उखडू शकतं.

ल्यूट, विहुएला, बरोक गिटार, ऊद, अफगाणी रबाब आणि आपल्या गोंधळी-आराध्यांचं चौंडकं ही मुळात तातेची वाद्यं. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वळलेली तार. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तीच. पिंजाऱ्यांचा धंदा बसला तशी गावागावांतली तातही दुर्मीळ झाली. परदेशातून मागवलेली तात महाग पडते, आणि ल्यूटची सर्वांत बारीक तार तर फार लवकर विरते. १३व्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवाने ज्या वीणांची वर्णनं लिहून ठेवली, त्यांतली एकतंत्री आज कुणी नव्याने घडवायला घेतली, तर त्याच्यापुढेही हाच प्रश्न येईल. तंगूस स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही मिळतं. त्याचा वापर करण्यात काही कमीपणा नाही. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागली, तेव्हा गिटारवाल्यांनीही नायलॉनचाच आधार घेतला.

तंगूस म्हणजे नायलॉन. फ्लुरोकार्बनची दोरी पीव्हीडीएफ नावाच्या वेगळ्याच प्लास्टिकची असते. जपानच्या कुरेहा कंपनीने ती १९७१ मध्ये मासेमारीसाठी बाजारात आणली. ती पाण्यात चटकन बुडते आणि माशाला कमी दिसते, म्हणून गळवाले तिला जास्त पैसे मोजतात. चटकन बुडते, कारण ती जड आहे. आपल्याला सगळ्यात आधी पाहायचा आहे तो हा जडपणा.

पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची साधारण १.१४, तातेची १.३ आणि पीव्हीडीएफची १.७८. तारेची लांबी, ताण, वजन आणि स्वर यांचं नातं मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मध्ये मांडलं, आणि आजही हिशेब त्यावरूनच होतो. लांबी आणि स्वर तोच ठेवला, तर तार जितक्या पट जड, तितक्या पट ताण जास्त.

तारेची वाजती लांबी ६० सेंटिमीटर असलेल्या ल्यूटची पहिली, म्हणजे सर्वांत उंच, तार ३९२ हर्ट्झला लावायची आहे असं धरू. ०.४० मिमीचं नायलॉन लावलं तर ताण सुमारे ३.२ किलो येतो, आणि ल्यूटसाठी तो ठीक आहे. त्याच जाडीचं फ्लुरोकार्बन लावलं तर ताण थेट ५ किलोवर जातो. सहा जोडांच्या ल्यूटवर अकरा तारा असतात, कारण सर्वांत उंच तार एकटीच असते. सगळ्यांचा हिशेब असाच चुकला, तर ३५ किलोच्या जागी ५५ किलोचा भार पडेल, तोही जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पाटीवर नुसत्या सरसाने चिकटवलेल्या घोडीवर. आधुनिक गिटार एवढं सोसते. ल्यूट सोसणार नाही.

म्हणून जाडी बदलायची. नायलॉनच्या जागी फ्लुरोकार्बन घेताना जाडीला ०.८ ने गुणा: ०.४० च्या जागी ०.३२. जुन्या तातेचं माप हाताशी असेल तर नायलॉन त्याहून सुमारे ७ टक्के जाड घ्या, फ्लुरोकार्बन १५ टक्के बारीक. एवढी आकडेमोड वहीच्या मागच्या पानावर होते, आणि ती न करता तार चढवणं मला वाद्यावर अन्याय वाटतो.

पहिली तार वारंवार तुटू लागली की लोक जाड तार लावतात. त्याचा उपयोग होत नाही. जाडी वाढली की ताकद वाढते, पण त्या स्वरासाठी लागणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. एका लांबीवर एका प्रकारची तार बारीक असो वा जाड, साधारण एकाच स्वराला तुटते. इथे हलकं नायलॉन पुढे आहे. सर्वांत उंच तारेसाठी त्याच्याकडे राखीव ताकद जास्त उरते. शिवाय ०.३२ ची फ्लुरोकार्बन बोटाला रुतते आणि तिचा आवाज पातळ लागतो.

आता हातात आलेलं रीळ नेमकं कशाचं, हे ओळखायचं कसं? साध्या पाण्यात टाकून फारसं कळत नाही, कारण नीट भिजल्यावर नायलॉनही बुडतं. म्हणून मिठाचं पाणी करा. ग्लासभर पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घाला, म्हणजे त्याची घनता १.२ च्या आसपास पोचते. त्यात साबणाचा एक थेंब टाका, दोरीचा बोटभर तुकडा बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे चोळून काढा आणि सोडा. नायलॉन वर येतं, फ्लुरोकार्बन तळाशी बसतं. फ्लुरोकार्बनचा नुसता लेप दिलेलं नायलॉनही बाजारात असतं आणि वेष्टनावरची मोठी अक्षरं फसवतात. ते या पाण्यात सहसा तरंगतं, त्याला नायलॉनच समजा. जास्त खात्री हवी असेल तर १० मीटर दोरी सराफाच्या काट्यावर तोला. खरी ०.४० मिमी असेल तर नायलॉन १.४ ग्रॅमच्या आसपास भरेल, फ्लुरोकार्बन २.२ च्या.

‘खरी’ म्हणायचं कारण असं की छापील जाडीवर विसंबून चालत नाही. मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा. जाडी एकसारखी नसेल, तर मोकळी तार सुरात असूनही पडद्यावर बेसूर लागते. असा तुकडा टाकून द्या आणि रिळातला पुढचा घ्या. रिळात दोरी भरपूर असते.

हवेचं म्हणाल तर मराठवाड्यात नायलॉनची परीक्षा होते. मे महिन्यात चाळिशीपार कोरडा उन्हाळा, आणि पाठोपाठ पावसाळी ओल. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे स्वर हलतो. पीव्हीडीएफ जवळजवळ शोषतच नाही. अर्थात वाद्याचं लाकूडही फुगतं-आकसतं, त्यामुळे जुळवणी दोन्हींत करावी लागतेच, फ्लुरोकार्बनवर थोडी कमी.

आवाजाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सर्वांत उंच तारेला नायलॉन. मधल्या तारांना फ्लुरोकार्बन, कारण तिथे नायलॉन फार जाड घ्यावं लागतं आणि जाड नायलॉन बोदं वाजतं. फ्लुरोकार्बनचा आवाज तातेपेक्षा जरा चकचकीत आहे, तरी मधल्या सप्तकात शब्द उमटल्यासारखा मोकळा स्वर तीच देते. खर्जाला दोन्ही नकोत, तिथे गुंडाळलेली तार घ्या.

चौंडक्याला हा हिशेब लागू होत नाही. तिथे खुंटी नाही. स्वर हाताच्या ओढीवर चढतो-उतरतो, म्हणजे ताण वाजवणारा ठरवतो. तार कातड्याच्या भोकातून ओवलेली असते. तिथे बारीक फ्लुरोकार्बन टाळा, ती भोकात रुतून कातडं फाडू शकते. जाडसर नायलॉन घ्या आणि कातड्यामागे गाठीखाली चामड्याची चकती घाला.

गाठ मारण्याआधी दोरी ओली करा; फ्लुरोकार्बन ताठ आणि निसरडी असते, कोरडी गाठ घसरते किंवा तिथेच तुटते. नायलॉनचं टोक काडीने वितळवून बोंडी करण्याची सवय अनेकांना आहे. फ्लुरोकार्बनच्या बाबतीत ते अजिबात करू नका, आणि जाळून ओळखण्याचाही प्रयत्न नको. पीव्हीडीएफ जळताना हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. गाठीला एक वेढा जास्त द्या आणि उरलेलं टोक नेलकटरने कापा.