क्विल्टची रंगनिवड : रंगचक्राआड गेलेला गडद-फिक्याचा विचार

नव्या क्विल्टसाठी, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसाठी, कापडे काढताना आज अनेक जण प्रथम रंगचक्र (वर्तुळात क्रमाने मांडलेले रंग) पाहतात आणि समोरासमोरचे किंवा शेजारशेजारचे रंग घेऊन संगती ठरवतात. जुन्या क्विल्टमधील रंग मात्र बऱ्याच अंशी रंगाऱ्याच्या मर्यादांनी ठरवलेले होते. तेल आणि तुरटीच्या अनेक पायऱ्यांतून तयार होणारा ‘टर्की रेड’ धुतल्याने उतरत नसे, आणि एकोणिसाव्या शतकातील लाल-पांढऱ्या क्विल्टना या पक्केपणाचा मोठा आधार होता. हिरवा रंग बहुधा निळ्यावर पिवळा चढवून मिळे, त्यामुळे पिवळा उडाला की वेलबुट्टीतील पाने निळसर उरत. लोहाचा रंगबंधक (रंग धाग्याला धरून ठेवणारा पदार्थ) वापरलेली तपकिरी व काळी कापडे तर हळूहळू विरून जात.

१८५६ मध्ये पहिला व्यापारी कृत्रिम रंग, जांभळा, सापडला आणि १८६९ च्या सुमारास मंजिष्ठवर्गीय मुळांतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. छटा वाढल्या, पण भरवसा लगेच वाढला नाही. १८८४ चा ‘काँगो रेड’ रंगबंधकाशिवाय सुतावर चढत असे, तरी तो पक्का नव्हता. १९०१ मध्ये निघालेल्या नव्या व्हॅट रंगांनी (धाग्यात न विरघळणाऱ्या रूपात बसणाऱ्या रंगांनी) ही अडचण पुढे बरीच कमी केली.

खरा वाद आहे तो रंग आधी की गडद-फिका भेद आधी, हा. १८३९ मध्ये एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात हे सविस्तर मांडले. भिंतीवर टांगायची चित्रे विणणाऱ्या (टॅपेस्ट्रीच्या) ज्या कारखान्यात तो रंगविभाग सांभाळत होता, तेथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती, आणि दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत असल्याचे त्याने दाखवले. १९०५ मध्ये एका अमेरिकी कलाशिक्षकाने रंगाची जात, उजळपणा आणि तीव्रता ही तीन मापे वेगळी केली. क्विल्ट करणाऱ्यांनी या तिघांतील पहिले माप सर्वांत उत्साहाने उचलले. दुसरे मागे पडले, आणि माझ्या मते नुकसान तिथेच झाले.

कारण ‘लॉग केबिन’ नमुना पाहिला की उजळपणाचे काम स्पष्ट होते. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावताना दोन बाजू फिक्या आणि दोन गडद ठेवल्या जातात. मग असे तयार झालेले चौकोनी ब्लॉक फिरवून मांडले की कधी तिरप्या सरी उमटतात, कधी एकात एक बसलेले चौकोन. पट्ट्यांत शेकडो रंग असले तरी ही आकृती टिकते, आणि रंग अगदी जुळलेले पण सारख्याच गडदपणाचे असले तर ती दिसेनाशी होते. उरलेल्या तुकड्यांतून घडलेल्या कित्येक क्विल्टचे सौंदर्य याच भेदावर उभे आहे.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलासंग्रहालयाने क्विल्ट भिंतीवर टांगून अमूर्त चित्रांप्रमाणे दाखवले. दुरून पाहण्याची सवय वाढली, तसे एकरंगी कापडांचे गडद आमिश (अमेरिकेतील साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे) क्विल्टही संग्राहकांच्या नजरेत भरले. पुढे कापड उत्पादकांनी आधीच जुळवलेल्या संचांची विक्री वाढवली. नवशिक्याला त्यांचा आधार वाटतो हे खरे. परंतु अशा संचात बरीच कापडे मध्यम गडदपणाची निघतात आणि कापून जोडल्यावर नमुना विरघळतो. त्यांत एखादे खूप फिके आणि एखादे खूप गडद कापड बाहेरून आणून मिसळणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

भेद तपासण्यासाठी लाल पारदर्शक पट्टीतून पाहण्याची रीत बरीच वापरली गेली. तिच्यातून लाल कापड प्रत्यक्षापेक्षा फिके आणि हिरवे अधिक गडद दिसते, त्यामुळे लाल कापडांसाठी हिरवी पट्टी घ्यावी लागते. आता कापडे शेजारी मांडून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले जाते. त्यात जी दोन कापडे एकच करडी छटा दाखवतात, ती नमुन्यात एकमेकांना लागून ठेवल्यास त्यांच्यामधली सीमारेषा दुरून दिसत नाही.