यारी-उचल : वाऱ्यातील नियोजन

यारीने (क्रेनने) ओझे उचलण्यापूर्वी वाऱ्याचा जोर, झोत व दिशा हिशेबात घेऊन काम कोणत्या वेगाला थांबवायचे हे ठरवण्याची पद्धती. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर वेगाला तो दर चौ. मी.ला सुमारे ६१ न्यूटन, तर २० मीटरला सुमारे २४५ न्यूटन भरतो.

वेग कोणता धरावा, याबाबत एकवाक्यता नाही. फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ च्या सुमारास आखलेल्या श्रेणीचे आजचे आकडे १० मीटर उंचीवरील सरासरी वाऱ्याचे असतात. यारीला हिसका बसतो तो मात्र झोताचा, आणि तोही बूमच्या (यारीच्या लांब उचल-दांड्याच्या) टोकाशी, जिथे वारा जमिनीलगतपेक्षा सहसा जोरकस असतो. त्यामुळे फिरत्या यारींच्या युरोपीय मानकातील (ईएन १३०००) तीन सेकंदांच्या झोताचा वेगच प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या मानकानुसार केलेल्या भार-तक्त्यांतील (किती ओझे किती वाऱ्यापर्यंत उचलावे हे सांगणाऱ्या तक्त्यांतील) वेगामागे एक गृहीतक असते, आणि नेमके तेच नजरेआड होते : दर टनामागे वाऱ्याला अडणारे परिणामी क्षेत्रफळ (प्रत्यक्ष क्षेत्रफळ गुणिले आकारानुसारचा गुणांक) १.२ चौ. मी. धरलेले असते. ते याहून जास्त असल्यास १.२ ला टनांतील वजनाने गुणून परिणामी क्षेत्रफळाने भागावे आणि येणाऱ्या संख्येच्या वर्गमूळाने तक्त्यातील वेगाला गुणावे. ५ टन वजनाच्या, २० चौ. मी. सपाट फलकाचा आकार-गुणांक १.५ धरला, तर परिणामी क्षेत्रफळ ३० चौ. मी. होते आणि सेकंदाला ९ मीटरची मर्यादा ४ मीटरवर उतरते. एवढ्या वाऱ्यात झाडांची पाने व डहाळ्या हलत राहतात, इतकेच. तोच फलक ९ मीटरच्या झोतात सुमारे १,५०० न्यूटन बलाने ढकलला जातो. टॅग लाईन (ओझे आवरण्यासाठी त्याला बांधलेला दोर) धरून उभ्या असलेल्या दोघा रिगरांना (ओझे बांधणाऱ्या कामगारांना) तो आवरेल असे समजणे धोक्याचे आहे.

भारमर्यादा-दर्शकावरही (यारीवरील भार दाखवणाऱ्या उपकरणावरही) विसंबता येत नाही. समोरून वारा असता तो प्रत्यक्षापेक्षा कमी भार दाखवतो, तर बाजूच्या वाऱ्याची त्याला जवळजवळ दखलच नसते. बूमला पीळ व बाक देणारा वारा हाच. १४ जुलै १९९९ रोजी मिलवॉकी (अमेरिका) येथील क्रीडागाराच्या छताचा ४०० टनांहून जड भाग उचलताना ‘बिग ब्लू’ ही यारी कोसळून तीन कामगार दगावले. त्या भागावर येणारा वाऱ्याचा भार हिशेबात धरलेला नव्हता.

मनोरा-यारीचे काम थांबवताना तिचे फिरणे रोखणारा ब्रेक मोकळा सोडतात, म्हणजे आडवा दांडा वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याच्या दिशेने वळतो.