आखातातील मोतीवेचणी

अरबस्तान आणि इराण यांच्यामधल्या उथळ समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणे व त्यांतून नैसर्गिक मोती मिळवणे, हा आखाती अरबांचा परंपरागत व्यवसाय. अरबीत त्याला ‘गौस’ म्हणतात. बहरीन, कुवेत, कतार आणि आजची संयुक्त अरब अमिराती यांच्या किनारी वस्त्यांचे पोट 1930 च्या आसपासपर्यंत प्रामुख्याने यावरच चाले. आपल्याकडे जुन्या नथींत दिसणारा ‘बसरा मोती’ तो हाच. प्रत्यक्ष बसऱ्याला मोत्यांची पैदास नाही. ते केवळ बाजारातले नाव.

मुख्य हंगाम कडक उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर. गलबताचा प्रमुख नाखुदा (आपल्या कोकणातला नाखवा). पाणबुड्या ‘गैस’, त्याला दोरीने वर ओढणारा ‘सैब’, आणि श्रमाला ताल देणारा गायक ‘नह्हाम’. पाणबुड्या नाकाला ‘फिताम’ हा चिमटा लावी, गळ्यात जाळीची टोपली अडकवी आणि पायाला दगड बांधलेल्या दोरीच्या आधारे तळ गाठी. मिनिट-दीड मिनिटात हाती लागतील तेवढे शिंपले ओरबाडून तो दोरीला हिसका देई. मग सारी भिस्त सैबवर. अशा बुड्या दिवसाला पन्नासच्या वर जात. कान फुटणे, डोळे जाणे, जेलीफिशचा दाह हे नित्याचेच. पोट भरून बुडी मारता येत नाही, म्हणून दिवसभर थोडे खजूर आणि कॉफी, जेवण रात्री. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताने नाकाच्या चिमट्यासह हीच पद्धत वर्णिली आहे.

शिंपले डेकवर एकाच ढिगात पडत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाखुदाच्या नजरेखाली उघडले जात. कोणाच्या शिंपल्यात मोती निघाला हे कळायला वावच नव्हता. मोती ‘तव्वाश’ म्हणजे मोत्याचा व्यापारी विकत घेई. लाल कापडावर मांडून, भोकांच्या पितळी चाळण्यांच्या उतरंडीतून गाळून तो त्यांची प्रतवारी लावी.

या व्यवसायाचे गलबते आणि गाणी असे रम्य चित्र रंगवले जाते, पण त्याला खरी गती दिली ती कर्जाने. हंगामाआधी घरखर्चासाठी नाखुदा उचल देई, नाखुदाला तव्वाश देई. हंगामाअखेर हिशेबात पाणबुड्याच्या वाट्यातून उचल वजा झाली की बहुधा बाकीच उरे. ती फिटेपर्यंत दुसऱ्या नाखुद्याकडे जाण्याची सोय नव्हती, आणि बाप मेला तर ती मुलाच्या डोक्यावर येई. आफ्रिकेतून व बलुचिस्तानातून आणलेले गुलामही बुड्या मारत. त्यांचा वाटा धनी घेई. बहरीनमध्ये 1920 च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हिशेबाच्या वह्या सक्तीच्या केल्या आणि वारसाने येणारे कर्ज रद्द ठरवले. तिथल्या बड्या नाखुदांना ते रुचले नाही. पुढे उचलीची रक्कम कमी झाल्यावर 1932 मध्ये खुद्द पाणबुड्यांनीच दंगा केला.

माल जाई मुंबईला. आखातातली अनेक व्यापारी घराणी मुंबईत पेढ्या राखून होती. मोत्यांना भोक पाडणे, जोड जुळवणे, सर ओवणे ही कामे इथले कारागीर करत आणि मग माल पॅरिस-लंडनला रवाना होई. आखातात रुपया चाले, त्यामागे हा व्यापारही होता. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, तेव्हा मोत्यांचे दिवस सरले होते.

ते सरले दोन धक्क्यांनी. जपानच्या मिकिमोतो कोकिचीने 1893 मध्ये अर्धगोल मोती पिकवला. त्यापुढचे गोल संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम पिकवलेले) मोती 1920 च्या दशकात युरोपच्या बाजारात उतरले. पाठोपाठ 1929 ची महामंदी आली आणि चैनीच्या वस्तूंचे गिऱ्हाईकच आटले. बहरीनमध्ये तेल लागले तेही 1932 मध्येच. अनेक पाणबुडे तेल कंपनीच्या कामावर गेले: महिन्याचा पगार, डोक्यावर उचल नाही.

बहरीनच्या मुहर्रक शहरातील नाखुदा-तव्वाशांची घरे, बू माहिर किल्ला आणि समुद्रातील 3 शिंपलेतळ यांचा 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ‘फिजिरी’ हे पाणबुड्यांचे गायन 2021 मध्ये अमूर्त वारशात आले. बहरीनमध्ये संवर्धित मोत्यांच्या व्यापाराला आजही बंदी आहे. बाजारात ‘बसरा’ म्हणून मिळणारा मोती मात्र बहुतेक जुने दागिने मोडूनच आलेला असतो.