घरगुती व्यायामाचे व्हिडिओ (मराठवाडा)

घरगुती व्यायामाचे व्हिडिओ : घरातल्या घरात, साधनांवाचून किंवा अगदी मोजक्या साधनांनिशी करावयाचे व्यायाम पडद्यावरील प्रशिक्षिकेच्या बरोबरीने करवून घेणारी चित्रफीत. वजन उतरवणे आणि अंग बांधेसूद करणे (टोनिंग) ही तिची जाहीर उद्दिष्टे असतात आणि ती बहुतांशी स्त्रियांना उद्देशून असते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हा प्रकार आज परिचयाचा आहे. येथे तो टेप किंवा डीव्हीडीपेक्षा मोबाइलच्या वाटेनेच खऱ्या अर्थाने पोचला.

उगम : या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९८२ साली अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडा हिच्या व्हीएचएस टेपपासून (व्हिडिओ कॅसेटपासून) मानतात. घरी टेप विकत घेऊन ती पुन्हा पुन्हा लावायची ही सवय त्या टेपने रुजवली, हे खरे आहे. पण कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. पडद्यावर पाहून व्यायाम करण्याची प्रथा दूरचित्रवाणीने आधीच पाडली होती : जॅक ललेन यांचा कार्यक्रम १९५१ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोतून सुरू झाला, तर डेबी ड्रेक या स्त्री-प्रशिक्षिकेचा दैनंदिन कार्यक्रम १९६० च्या सुमाराचा. त्याआधी आवाजाची माध्यमे होती. जपानमध्ये १९२८ पासून नभोवाणीवरून सामूहिक कवायत होऊ लागली. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बारीक होण्यासाठीच्या ग्रामोफोन तबकड्या विकल्या जात आणि त्यांचा ग्राहक प्रामुख्याने गृहिणी असे. घरातील एकान्त, लयीसाठी संगीत, आज्ञा देणारा परका आवाज आणि बारीक होण्याचे आश्वासन ही चारही लक्षणे या तबकड्यांत एकत्र दिसतात. त्यामुळे उगम तबकड्यांपाशी धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८२ हा प्रसाराचा टप्पा ठरतो. या टेपमधील व्यायामपद्धती मात्र वेगळ्या घराण्याची आहे. अमेरिकन डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली एरोबिक्सची, म्हणजे दम वाढवणाऱ्या सलग व्यायामाची, संकल्पना आणि १९६९ च्या आगेमागे तिला मिळालेली नृत्याची जोड या दोहोंतून ती घडली.

महाराष्ट्रापुरते पाहता, प्रशिक्षकाविना घरी करण्याच्या प्रमाणबद्ध व्यायामाचा पहिला मोठा प्रचार औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांच्या रूपाने केला. त्यांच्या इंग्रजी लेखनातून तो परदेशी गेला. त्यांच्या प्रचारात मुली व स्त्रियांनाही स्थान होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि येथील तालमी व आखाडे पुरुषांचेच राहिले. स्त्रियांच्या वाट्याला व्यायाम म्हणून वेगळे असे काही नव्हते. दळण-कांडण, शेतातली खुरपणी, डोक्यावरचे पाणी आणि पंचमीच्या दिवसांतील फुगडी-झिम्मा यांत शरीराची जी हालचाल होई, तीच काय ती.

प्रसार : १९७५–७६ मधील उपग्रह दूरचित्रवाणीच्या प्रयोगात महाराष्ट्रातील खेडी नव्हती. १९८२ नंतर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे वाढली तसे दूरदर्शन जिल्ह्याच्या गावी आले. त्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून घरोघरी सिनेमे पाहिले जात. व्यायामाच्या टेप मात्र या वर्तुळात सहसा शिरल्या नाहीत. २००० नंतर धार्मिक वाहिन्यांवरील पहाटेच्या योगवर्गांनी बायकांना टीव्हीसमोर चटई अंथरायला लावले. पडद्यासमोर व्यायाम करण्याची सवय येथे या योगवर्गांनीच लावली, असे म्हणता येईल.

यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली, तरी तालुक्याच्या गावी अर्ध्या तासाचा व्हिडिओ न अडखळता पाहणे परवडू लागले ते सप्टेंबर २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीने सकाळचे फिरणे, मैदाने आणि जिम एकदम बंद केले. त्या महिन्यांत घरगुती व्हिडिओंना पर्यायच उरला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामवर रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबवर शॉर्ट्स हे छोट्या व्हिडिओंचे प्रकार भारतात सुरू झाले. या बदलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अर्ध्या तासाच्या व्हिडिओत अंग गरम करणे, मुख्य व्यायाम, ताण देणे आणि श्वास शांत करणे असा क्रम असतो. मिनिटभराच्या तुकड्यात सर्वांत अवघड आणि दिसायला आकर्षक हालचाल तेवढी उरते. गुडघा व कंबर दुखावण्याचा धोका या तुकड्यांत अधिक आहे, कारण शरीर तयार करण्याचा भागच त्यांतून गळालेला असतो.

भाषेच्या बाबतीत हिंदी व्हिडिओंचा वरचष्मा आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी येथील दखनी-उर्दू बोलणाऱ्या स्त्रियांनाही ते जवळचे वाटतात. मराठीत बोलणाऱ्या प्रशिक्षिका ‘ताईंनो’, ‘मैत्रिणींनो’ अशी साद घालतात. स्क्वॉट, प्लँक (पालथे होऊन कोपरांवर अंग ताठ धरणे), क्रंच (उताणे झोपून खांदे उचलणे), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) ही नावे मात्र तशीच वापरतात, जरी स्क्वॉटला ‘बैठक’ हा पिढ्यान्पिढ्यांचा शब्द हाताशी आहे.

पोटावरची चरबी आणि पोटाचे व्यायाम : ‘सात दिवसांत सुटलेले पोट आत’, ‘दंडाची लोंबती चरबी घालवा’ अशा मथळ्यांमागे एक गृहीत असते : ज्या भागाचा व्यायाम, त्याच भागाची चरबी उतरते. हे गृहीत तपासणारे अनेक अभ्यास झालेले आहेत. १९७१ मध्ये ग्विनप व सहकाऱ्यांनी टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले. खेळणाऱ्या हाताचा घेर जास्त होता, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. १९८४ मध्ये कॅच व सहकाऱ्यांनी २७ दिवस सिट-अप (उताणे झोपून उठून बसणे) करवून घेतले आणि पोट, पाठ व नितंब येथील चरबीपेशींचे नमुने काढले. पेशी तिन्ही ठिकाणी जवळपास सारख्याच लहान झाल्या होत्या. २०११ मधील विस्पुते व सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात पोटाच्या व्यायामाने पोटाच्या स्नायूंची दमदारी वाढली, पण चरबी घटली नाही.

याचे कारण चरबी वितळण्याच्या प्रक्रियेत आहे. ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांच्या प्रभावाने चरबीपेशींतील मेद फुटून मेदाम्ले रक्तात उतरतात, आणि काम करणारा स्नायू ती रक्तातून घेतो. शेजारच्या साठ्याशी त्याची थेट जोडणी नसते. दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. कोपनहेगनमधील २००७ च्या अभ्यासात एकच पाय हलवला असता त्या स्नायूलगतच्या चरबीतील रक्तप्रवाह व मेदविघटन वाढलेले आढळले. ही वाढ इतकी अल्प होती, की तिने घेर बदलण्याची शक्यता नगण्य आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन अभ्यासाने, पोटाचा दीर्घकाळ चालणारा, दमाचा व्यायाम केल्यास धडावरची चरबी तुलनेने जास्त उतरते, असा निष्कर्ष काढला. मात्र तो जादा वजनाच्या पुरुषांवर केलेला होता. हा मुद्दा गौण नाही. स्त्रियांत मांड्या व नितंबांवरची चरबी संप्रेरकांच्या हाकेला सावकाश ओ देते आणि रजोनिवृत्तीनंतर साठा कमरेकडे सरकतो. पुरुषांवरचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. एकूण पुरावा पाहता, विशिष्ट भागाची चरबी ठरवून उतरवता येते हा दावा व्यवहारात धरू नये, हेच मत ग्राह्य वाटते.

टोनिंग म्हणून जे दिसते ते दोन गोष्टींचे मिळून असते : स्नायू थोडा भरणे आणि त्यावरचा चरबीचा थर पातळ होणे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावाने. स्नायूचा आकार दिसण्याइतका बदलायला दोन महिने तरी द्यावे लागतात. तोच व्हिडिओ तेवढ्याच भाराने वर्षभर केल्यास प्रगती थांबते. अशा वेळी बैठकांची संख्या वाढवावी, बैठक अधिक खोल घ्यावी किंवा हातात भार घ्यावा. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलो. तीन-चार किलो तांदूळ घट्ट बांधलेली पिशवी त्याहून उपयोगी पडते. वजन उचलल्याने अंग पुरुषी होईल ही भीती आजही अनेकींना वाटते. स्त्रियांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असल्याने तसे घडत नाही.

ऊर्जेचा हिशेब : व्यायामातील ऊर्जाव्यय ‘मेट’ (नुसते बसण्यातील खर्चाच्या किती पट) या एककात मोजतात; किलोतील वजन, मेट आणि तास यांचा गुणाकार म्हणजे अंदाजे किलोकॅलरी. ६० किलो वजनाच्या स्त्रीने ५ मेट तीव्रतेचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ केला तर १५० किलोकॅलरी येतात. पण नुसते बसून राहिली असती तरी त्या अर्ध्या तासात ३० गेल्याच असत्या, म्हणून निव्वळ खर्च १२०. व्हिडिओच्या कोपऱ्यात झळकणारे ‘पाचशे कॅलरी’ असे आकडे यापुढे टिकत नाहीत. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी धरल्या, तर खाणे तेच ठेवून केवळ या व्हिडिओने एक किलो उतरवायला साधारण ६४ दिवस लागतील. शरीर मध्येच आपला खर्च आवरते घेत असल्याने हा हिशेबही ढोबळच आहे. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे १७० किलोकॅलरी असतात. म्हणून वजनाचा प्रश्न आधी ताटात सुटतो, आणि व्यायामाची खरी मिळकत स्नायू, हाडे, रक्तशर्करा व झोप यांत असते. भाकरी सोडण्याची गरज नाही. तुरीचे वरण, डाळी, अंडी, दही यांतून प्रथिने वाढवणे आणि साखरेचा चहा, फरसाण व उपवासाची साबुदाणा खिचडी यांना आवर घालणे अधिक फलदायी ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. अर्ध्या तासाचा व्हिडिओ आठवड्यातून पाच दिवस केला तर पहिली अट किमान पातळीवर पूर्ण होते. मोजमापासाठी वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर बरा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंमी. ही मर्यादा धरतात.

स्थानिक परिस्थिती : शहाबादी फरशी टणक असते, म्हणून उड्यांचे व्यायाम तीवर अनवाणी करू नयेत, सतरंजीची दुहेरी घडी किंवा जाड चटई घ्यावी. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये दिवसा व्यायाम करणे धोक्याचे आहे. पारा चाळिशीपार असताना पहाट किंवा रात्रीची गच्ची हीच वेळ. माळवदाची घरे तुलनेने थंड. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत घाम गाळल्यावर दुसऱ्या आंघोळीला पाणी कोठून आणायचे, हा प्रश्नही खरा आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. साडी किंवा गाऊनवर लंजेस करताना पाय अडकतो, म्हणून पंजाबी ड्रेस बरा.

मराठवाड्यातील प्रेक्षकवर्ग एकजिनसी नाही. सिडकोच्या वसाहतींतील गृहिणी, बैठे काम करणाऱ्या शिक्षिका व कर्मचारी, लातुरात मुलांच्या शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या आया यांचा दिवस बसण्यात आणि स्वयंपाकात जातो. शेतीची हालचाल सुटली, खाणे तेच राहिले अशा स्त्रियांना हे व्हिडिओ खरोखर उपयोगाचे आहेत. जिममध्ये जाण्याची मोकळीक नसलेल्या घरांत तर दार लावून घेतलेला अर्धा तास हीच एकमेव सोय असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल आहेत, आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही दुसरी संख्या व्हिडिओ करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच असते. धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत धडधड अशी लक्षणे असलेल्या स्त्रीला ‘अजून दहा, थांबू नका’ म्हणणे चुकीचे आहे. तिने आधी हिमोग्लोबिन तपासावे. तुळजापूरच्या देवीचे नवरात्र नऊ दिवस निरंकार उपवासाने धरणाऱ्या किंवा रमजानचे रोजे ठेवणाऱ्या स्त्रियांनी त्या काळात तीव्र व्यायाम टाळून हलके ताण व चालणे एवढेच ठेवावे.

वर्ज्य व्यायाम आणि खबरदारी : बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले असू शकतात, ते जुळून येण्याआधी क्रंच केल्यास पोट अधिक पुढे येऊ शकते. सिझेरियननंतर डॉक्टरांच्या परवानगीवाचून पोटाचे व्यायाम करू नयेत. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सूचना या व्हिडिओंत अपवादानेच असते, आणि मराठवाड्यात ही उणीव गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या २०१९ मधील शासकीय पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कोयत्यावर जाणाऱ्या स्त्रीला वजन उतरवण्याच्या व्यायामाची गरज नाही. मोळी उचलण्यातच तिच्या शरीराची झीज होते, आणि तिला लागते ती विश्रांती व पोटभर अन्न. परंतु अंडाशयेही काढली असल्यास हाडे लवकर ठिसूळ होतात. पुढे ऊसतोड सुटून गावी स्थिरावल्यावर तिला उड्या आणि क्रंच वर्ज्य. खुर्चीचा आधार घेतलेल्या बैठका, भिंतीवरचे जोर, टाचा उचलणे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडणे हे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात. भार उचलताना श्वास रोखू नये, सोडावा. रोखल्यास ओटीपोटावर दाब येऊन अंग बाहेर येण्याचा त्रास वाढतो.