इथाकाचा थांबा: लेनरॉक

सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्कहून नायगाऱ्याला जाताना आपली बस जरा वाकडी वाट करून इथाकाला थांबते. कॉर्नेल विद्यापीठ तर बघायचंच, पण खालच्या उतारावरचं एक दगडी घर चुकू नये म्हणून हा कागद हातात देतोय. घराचं नाव लेनरॉक. 'कॉर्नेल'चं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, हेच नाव मिळेल. देवनागरीत ही गंमत उतरत नाही.

विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल मूळचे सुतार. १८४३-४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारयंत्राची तार टाकण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आधी ती जमिनीखालून नेत होते, पण आवरणानं दगा दिला आणि तार खांबांवर चढली. पुढे तारयंत्रातच पैसा झाला, त्यातून १८६५ मध्ये विद्यापीठ आलं आणि मग या घराचा घाट घातला. काम चाललं १८६७ ते १८७५. गृहस्थ मात्र डिसेंबर १८७४ मध्येच गेले, तेही रेल्वेत बराच पैसा अडकवून. स्वतःच्या घरात राहायचा योग आलाच नाही!

शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी-कळसांची जुनी युरोपीय धाटणी. साधारण त्याच काळात आपल्या मुंबईत राजाबाई टॉवर उभा राहत होता (पूर्ण झाला १८७८ मध्ये). घराणं तेच, पण मुंबईत ऊन-पावसासाठी कमानींचे व्हरांडे, तर इथे बर्फ घसरून पडावा असं उभ्या उताराचं छप्पर. दगड इथलाच, निळसर राखाडी. दारावर कोरलेलं वचन जरूर पाहा: 'सच्चा आणि पक्का' असा त्याचा अर्थ. आम्हाला विचाराल तर अख्ख्या घरात सुतारकीतून आलेल्या माणसाला शोभेल असं तेवढंच.

१९११ मध्ये घर डेल्टा फाय या फ्रॅटर्निटीनं घेतलं. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचं वसतिगृह, मेस आणि मंडळ, तिन्ही एकत्र. सभासद एकमेकांना भाऊ म्हणतात आणि नाव ग्रीक अक्षरांचं घेतात. हे मंडळ १८२७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्याच युनियन कॉलेजात सुरू झालं. मोठ्या घरातल्या पोरांचे हे अड्डे, अशी टीकाही होते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण एवढं जुनं घर रिकामं पडलं नाही, ते या पोरांमुळेच.

आजही तिथे मुलं राहतात, तेव्हा बेल वाजवू नका. रस्त्यावरूनच पाहा, फोटो काढा. चढ दमवणारा आहे. चपला बसमध्ये ठेवून बूट घाला.