कॅमेरा आधी गावाकडेच वळला होता

कुठल्याही तालुक्याच्या गावी आज असा एक तरी छायाचित्रकार भेटतो, ज्याचं पोट लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं आणि जीव मात्र गावात गुंतलेला असतो. ग्रामदैवताची पालखी, पहाटेचा भाजीबाजार, पोळ्याला रंगवलेली बैलांची शिंगं, तालमीतली कुस्ती, पडायला आलेला एखादा जुना वाडा हे सगळं तो पदरमोड करून टिपतो, रात्री जागून एडिट करतो आणि गावाला दाखवतो. ड्रोन आणि मोबाइल आल्यापासून हे सुरू झालं, असा समज आहे. पण मराठी माणसाने पहिल्यांदा हलतं चित्र टिपलं तेव्हा त्यानेही हेच केलं होतं, आणि तोही पेशाने छायाचित्रकारच होता. आपल्या चित्रपटाचा इतिहास आपण १९१३ पासून, एका पुराणकथेपासून सांगायला लागतो. त्याआधीची चौदा वर्षं दोन ओळींत उरकली जातात. मला तो अन्याय वाटतो, कारण गावातल्या त्या छायाचित्रकाराचं खरं घराणं त्या दोन ओळींतच आहे.

मुंबईला कॅमेऱ्याची ओळख फार लवकर झाली. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था दोन वर्षांनी आल्या. सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रं काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नावाजलेले छायाचित्रकार झाले. म्हणजे हे यंत्र साहेबाच्या हातून आपल्या हातात यायला फार काळ लागला नाही. नजर मात्र बराच काळ साहेबाची राहिली. विल्यम जॉन्सनने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांतल्या कित्येक चित्रांत माणसं एका ठिकाणी उभी करून टिपली आणि मग त्यांच्या आकृत्या दुसऱ्याच देखाव्यावर बसवल्या. ती पानं पाहताना मला नेहमी अस्वस्थ व्हायला होतं. पोशाख तपशीलवार दिसतो, पागोट्याची घडी दिसते, पण ज्या गल्लीत तो माणूस राहत होता ती गल्ली तिथे नाही. त्याला त्याच्या जागेवरून उचलून नमुना म्हणून मांडलेलं आहे.

१८८० च्या दशकात तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि धंद्याचं गणित बदललं. त्याआधी जागेवरच काचेला रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावं आणि धुवावं लागे. कोरडी काच पेटीत भरून कुठेही नेता येऊ लागली, तसे शहरात स्टुडिओ वाढले. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत शाखा उघडली ती या भरभराटीच्या काळात.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात अशाच कोरड्या काचांचा मोठा कारखाना ल्युमिएर कुटुंबाचा होता. बाप आंत्वान हा चित्रकार आणि छायाचित्रकार. मुलं ऑग्युस्त आणि लुई यांनी काचांच्या उत्पादनातून पैसा मिळवला आणि त्यातून सिनेमॅटोग्राफ, म्हणजे हलती चित्रं टिपणारं आणि दाखवणारं यंत्र, उभं केलं. त्यांनी आधी टिपलं काय? आपल्याच कारखान्याच्या फाटकातून सुटीच्या वेळी बाहेर पडणारे कामगार. पुढे गाजलेली आगगाडी आली ती ला सिओता स्टेशनात, जिथे त्यांचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं. सिनेमा जन्माला आला तोच मुळी एका गावच्या फोटोवाल्यांनी आपल्या दारासमोरचं जगणं टिपलं तेव्हा, आणि इथे हे ध्यानात ठेवायला हवं.

त्या फिती घेऊन ल्युमिएरांचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता. वाटेत मुंबईत थांबून त्याने ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात खेळ लावले, तिकीट एक रुपया. कामगारांची सुट्टी, गाडीचं आगमन, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचं दृश्य असे सहा लहान तुकडे दाखवले गेले. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिकिटं चार आण्यांपासून सुरू झाली आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. पाऊस कोसळत असतानाही मुंबईकर ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते पाहत होते. लगेच सप्टेंबरमध्ये प्लेग उघडकीला आला आणि शहराचा नूरच पालटला.

ल्युमिएरच्या या खेळांनी भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. जन्म १८६८ चा, व्यवसाय छायाचित्रणाचा. त्यांनी विलायतेहून रायली बनावटीचा कॅमेरा मागवला. किंमत एकवीस गिनी (एक गिनी म्हणजे एक पौंड आणि एक शिलिंग). पौंडाला पंधरा रुपये या त्या वेळच्या दराने हिशेब केला तर सुमारे ३३० रुपये होतात. फोटोच्या धंद्यातल्या माणसाला ही रक्कम झेपणारी होती, पण सहज नव्हे. शिवाय हे यंत्र कसं चालवायचं हे दाखवणारं इथे कोणी नव्हतं.

१८९९ च्या नोव्हेंबरात त्यांनी मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि ती टिपली. फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. बोटीने जायला आठवडे, यायला आठवडे. आपण काय टिपलंय, काही उमटलंय तरी का, हे कळायला एवढी वाट पाहायची! दुसरी फीत होती माकडांचा खेळ करणाऱ्या माणसाची. या निवडीकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. हाती जगातलं सर्वांत नवं यंत्र आहे, समोर राजेरजवाडे आहेत, लाटसाहेबांचे समारंभ आहेत, आणि हा छायाचित्रकार कॅमेरा लावतो तो पैलवानांसमोर आणि माकडवाल्यासमोर. त्यांना कोणत्याही परक्या देखाव्यावर नेऊन बसवलेलं नाही. त्यात धंद्याचीही जाण होती. कुस्ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही, एका जागी उभ्या कॅमेऱ्यासमोर ती चौकटीत मावते, आणि एखाद-दोन मिनिटांच्या फितीत सुरुवात-शेवट बसतो. पण ही सगळी गणितं जमली तरी आपल्या आळीतला डाव-पेच दाखवण्याजोगा आहे, हे आधी वाटावं लागतं.

पुढे त्यांनी प्रोजेक्टर आणला आणि विलायती फितींच्या जोडीला आपल्या फिती उघड्यावर दाखवायला सुरुवात केली. १९०१ मध्ये पारशी समाजाच्या आतशबेहराम या अग्निमंदिरावरची फीत आणि ब्रिटिश संसदेतले पारशी सदस्य सर मंचरजी भावनगरी यांच्या आगमनाची फीत झाली. त्यानंतरची एक फीत मराठी माणसाच्या फार जवळची आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, महर्षी कर्वे यांचे मामेभाऊ, १८९९ मध्ये केंब्रिजला सिनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते मायदेशी परतले तेव्हाचं स्वागत सावेदादांनी टिपलं. कोकणातल्या खेड्यातला मुलगा गणितात साहेबाच्या पुढे गेला म्हणून लोक उसळले होते, आणि तो क्षण आपल्याच माणसाने आपल्याच कॅमेऱ्यात धरला. १९०३ मध्ये कर्झनचा दिल्ली दरबारही त्यांनी चित्रित केला. दरबार टिपायला इतरही कॅमेरे आले होते. रँग्लरचं स्वागत त्यांच्याशिवाय कोणी टिपलं नसतं.

ते एकटे नव्हते. एफ. बी. ठाणावाला या विद्युत अभियंत्याने १९०० मध्ये मुंबईची दृश्यं आणि मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक टिपली. बंगालात हिरालाल सेन हा छायाचित्रकारच रंगभूमीवरची दृश्यं आणि भोवतालचं जीवन चित्रित करत होता.

मग हा धागा तुटला कसा? परदेशातून गोष्टी सांगणाऱ्या लांब फिती येऊ लागल्या. एका मिनिटाच्या खऱ्या दृश्याचं अप्रूप ओसरलं. कच्ची फीत, धुलाई, बोटीचं भाडं यांचा खर्च एका गावच्या प्रेक्षकांतून निघेना. तयार फिती आणून दाखवण्यात पैसा होता. सावेदादाही चित्रीकरण सोडून थिएटरच्या व्यवसायाकडे वळले.

त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळकेही छायाचित्रकार होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला होता. भांडवल उभं करायला त्यांनी १९१२ मध्ये जी फीत करून दाखवली, ती कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची होती. रोज थोडं थोडं टिपून महिन्याभराची वाढ मिनिटभरात आणलेली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्यानंतर पडद्यावर देव आणि राजे आले. फाळक्यांचं थोरपण यात तसूभरही कमी होत नाही. पण पैलवान आणि माकडवाला पडद्यावरून गेले ते गेलेच.

तशी साधी माणसं पडद्यावर परतली ती कोल्हापुरात. बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांनंतर १९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ केला. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. कर्ज, जमीन आणि गाव सोडून शहराकडे जाणं हे ज्यांच्या घरात घडत होतं, ते आता पडद्यावर होते. धंदा फारसा झाला नाही. तरीही त्या एका मूकपटाने पुढच्या शंभर वर्षांच्या मराठी ग्रामीण चित्रपटाला जमीन दिली असं मी मानतो.

सावेदादांची एकही फीत आज पाहायला मिळत नाही. हिरालाल सेन यांचा साठा १९१७ मध्ये आगीत गेला. त्या काळची नायट्रेट फीत पेट घेण्यात कुख्यात. पुण्यात २००३ मध्येही फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत जुने साठे नष्ट झाले. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावाची हकिकत याच्या अगदी उलट. मिचेल आणि केन्यन ही तिथली जोडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांतून बाहेर पडणारे कामगार, मिरवणुका, फुटबॉलचे सामने टिपून त्याच लोकांना जत्रेत दाखवायची. १९९४ मध्ये एका जुन्या दुकानाच्या तळघरात त्यांच्या सुमारे ८०० निगेटिव्ह फिती सापडल्या. आज एका गिरणगावातली हजारो सामान्य माणसं हसताना, टोपी उडवताना दिसतात. गिरगाव-काळबादेवीची तशी माणसं आपल्याला दिसू शकली असती, आणि ती कायमची गेली, याचं मला खरंच दुःख होतं.

पुढचं वळण व्हिडिओने आणलं. १९८० नंतर कॅसेटवरचा कॅमेरा तालुक्यापर्यंत पोचला आणि लग्नाची शूटिंग हा धंदा झाला.  मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी त्या यंत्रमागांच्या गावातले कलाकार घेऊन २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. कॅमेरा फिरवायला सायकल ट्रॉलीचं काम करायची, बैलगाडी क्रेनचं. गाजलेल्या चित्रपटाची नक्कल म्हणून त्याकडे पाहिलं गेलं. पण त्यात खरी गंमत आहे ती गावाची बोली, गावातले चेहरे आणि गावातल्या अडचणी पडद्यावर आल्याची. २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला आणि मालेगावचं हे काम जगभर पोचलं. तिकडे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये आलेल्या ‘सैराट’साठी करमाळ्याच्याच परिसरात कॅमेरा लावला. वर्षानुवर्षं ‘ग्रामीण’ म्हणून एकसाची गाव दाखवणाऱ्या पडद्यावर एक विशिष्ट तालुका, त्याच्या विहिरी, त्याची जात-उतरंड आणि त्याची बोली आली.

या काळातल्या गावोगावच्या चित्रीकरणाचं काय झालं, हा प्रश्न आता अगदी निकडीचा झाला आहे. मोठ्या चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. स्टुडिओच्या माळ्यावर पडलेल्या व्हीएचएस आणि मिनी डीव्ही कॅसेटींना तसं कोणी नाही. त्या लग्नांच्या फितींत नवरा-नवरीपलीकडे बरंच काही आहे: ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या, वरातीतला बँड, पंगतीत वाढणारी मंडळी, आता पाडून टाकलेली घरं, रुंदीकरणात गेलेला रस्ता. चुंबकीय पट्टी काही दशकांत खराब होते, आपल्या दमट हवेत बुरशीही धरते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे पट्टी शाबूत असली तरी ती वाचणारं यंत्र दिवसेंदिवस दुर्मीळ होतंय. ज्या छायाचित्रकारांकडे असा साठा आहे त्यांनी तो आत्ताच डिजिटल करून घ्यावा, आणि प्रत्येक फाइलबरोबर गाव, आळी, साल आणि दिसणाऱ्या माणसांची नावं लिहून ठेवावीत. ही नावं सांगू शकणारी पिढी सध्या सत्तरीच्या पुढे आहे.