लॅटिनवर बंदी आलीच नव्हती
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने, चर्चच्या उपासनेतील लॅटिनवर बंदी घातली आणि पाश्चात्त्य कॅथलिकांची ओळखच पुसली, असे युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातील ३६ व्या कलमात लॅटिनचा वापर कायम ठेवावा असेच म्हटले असून लोकभाषांना केवळ अधिक वाव दिला आहे. आजच्या मिस्साग्रंथाची, म्हणजे मिस्सा या कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या प्रार्थनापुस्तकाची, मूळ प्रतही लॅटिनमध्येच आहे. प्रत्यक्षात बहुतेक चर्चमधून लॅटिन जवळजवळ नाहीशी झाली, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की रोममधली सुरुवातीची उपासना ग्रीकमध्ये होत असे आणि ‘किरिए एलेइसोन’, म्हणजे ‘हे प्रभू, दया कर’, ही ग्रीक विनवणी लॅटिन मिस्सामध्येही शतकानुशतके तशीच म्हटली गेली.